अमाईच्या स्वयंपाकघरातला खोकला

तुमच्या हातात आजच रिपोर्ट पडला असेल तर आधी घरातल्या खिडक्या उघडा, मग बसून हे वाचा. मी डॉक्टर नाही, पंप दुरुस्त करणारा माणूस आहे. फुफ्फुसाच्या टीबीतून नुकताच बाहेर आलोय. औषधं कुठली आणि किती, हे तुमचे डॉक्टर सांगतील. मला सांगायचंय ते बंद दाराबद्दल, आणि एका फोनबद्दल, जो मी वेळेवर केला नाही.

बारीक झालास

आम्ही मूळचे मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्याचे. वडील मिठागरावर होते, थोडी भातशेतीही होती. दोन्ही गेलं आणि त्या जागी बिल्डिंगा आल्या. मी भाईंदरच्या एका कारखान्यात पंपांच्या सर्व्हिसिंगला लागलो आणि तिथेच केस पांढरे केले. कारखाना बंद पडला तेव्हा मी पन्नाशीकडे झुकलो होतो. त्याच सुमारास एका संस्थेला हातपंप दुरुस्त करणारे आणि शिकवणारे स्वयंसेवक हवे होते, आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात. पगार नाही, राहण्याखाण्याचा खर्च तेवढा मिळणार. वंदना, माझी बायको, मीरा रोडला पूनम सागरच्या आमच्या फ्लॅटमध्ये शाळकरी मुलांचे क्लासेस घेते. ती म्हणाली, "जा. घरी बसून माझ्या मुलांवर खेकसणार, त्यापेक्षा बरं." मुलगी पुण्याला हॉस्टेलवर होती. दोन वर्षं घर वंदनाने एकटीने चालवलं आणि माझ्या म्हाताऱ्या आईलाही सांभाळलं. मी समाजसेवा करत होतो ती तिच्या जिवावर, हे तेव्हा कुणी बोललं नाही. मीही नाही.

परत आलो तेव्हा भेटेल तो म्हणायचा, वा, फॉरेनला जाऊन स्लिम झालास. मला बरंही वाटायचं. खोकला होता, पण तिकडे सगळेच खोकायचे, चुलीच्या धुराने. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री उशी ओली व्हायची. मी म्हणत राहिलो, हवाबदल आहे. शेवटी वंदनाने एक दिवस क्लास लवकर सोडला, मला रिक्षात घातलं आणि मीरा रोडच्याच एका छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे झाला, थुंकीची तपासणी झाली.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर शांतपणे बोलले. बरा होणारा आजार आहे, सहा महिने औषध, मध्ये सोडायचं नाही. मी मान डोलावत होतो, ऐकत नव्हतो. मग त्यांनी विचारलं, घरी कोण कोण? मी सांगितलं, बायको, आई. त्यांची तपासणी करून घ्या, ते म्हणाले. मग लिहिता लिहिता, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "इथे परत येण्याआधी कुणाबरोबर राहत होता? बंद जागेत, रोज? लहान मूल होतं का घरात?"

वंदनानेच सांगितलं, "होतं. चार वर्षांची मुलगी."

चुलीभोवती

त्या मुलीचं नाव तादाला. तिची आजी म्हणजे नाफिरी, जिच्या घरी मी राहिलो. तिला सगळा गाव अमाई म्हणायचा. अमाई म्हणजे आई. मला ती बांबो म्हणायची, म्हणजे बाबा. वयाने ती माझ्याच बरोबरीची असेल. तादालाची आई दूर शहरात कामाला होती, त्यामुळे घरात या दोघीच.

आजारपणात मी मनाने त्या गावात जितका राहिलो तितका प्रत्यक्षातही राहिलो नसेन. पहाटे खराट्याचा आवाज यायचा. तिथे अंगण झाडल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, आणि झाडलेल्या मातीवर खराट्याच्या रेघा उमटलेल्या दिसल्या पाहिजेत. मग बायका पंपावर. सुरुवातीला मी गावातल्या पुरुषांना गोळा करून पंप खोलायला शिकवलं. ते मान डोलवायचे आणि पंप पुन्हा बंद पडला की तसाच राहायचा. पाणी भरणं त्यांचं कामच नव्हतं, मग त्यांना कशाला घाई असेल? अमाईनेच मला हे सांगितलं, तेही हसत हसत, की बांबो, तू ज्यांना शिकवतोस त्यांच्या डोक्यावर मी कधी बादली पाहिली नाही. पुढच्या वेळी बायका आल्या. बोअरमधून सळ्या वर ओढताना त्या गायच्या आणि गाण्याच्या ठेक्यावर सळी वर यायची. झिजलेला वॉशर अमाईने स्वतःच्या हाताने बदलला आणि पाणी आल्यावर माझ्याच तोंडावर उडवलं.

आता रिवाजाची गोष्ट सांगतो, कारण माझ्या मनावरचं ओझं तिथेच आहे. त्या गावात पाहुणा आणि घरातला पुरुष पुढच्या खोलीत जेवतात. स्वयंपाकघर अंगणात वेगळं असतं, गवताने शाकारलेलं, आणि ते बायका-मुलांचं. मला पहिले काही आठवडे टेबलावर एकट्याला वाढलं जायचं. मक्याच्या पिठाचा उकडीपेक्षा घट्ट गोळा, भोपळ्याच्या पाल्याची शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी, आणि कधीमधी तळ्यातली वाळवलेली बारीक मासळी. ती मासळी तोंडात टाकली आणि मला थेट आईची सुकट आठवली. एकट्याने खाताना घास उतरेना. एका संध्याकाळी मी ताट उचललं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसलो. अमाई ओशाळली. शेजारणी हसून हसून लोळल्या. हा कसला पुरुष, चुलीपाशी येऊन बसतो. पण मी हटलो नाही, आणि काही दिवसांनी कुणी हसेनासं झालं. मग मी त्यांच्याच थाळीत जेवायला लागलो.

जून-जुलैत तिथे हाडं गारठवणारी थंडी असते. दार लावून आम्ही चुलीभोवती बसायचो. तादाला माझ्या मांडीला टेकून रताळं खायची. मी खोकलो की तीही मुद्दाम खोकायची, माझी नक्कल. आम्ही सगळे हसायचो.

त्यांचा रिवाज मी पाळला असता, तर मी पुढच्या खोलीत एकटाच खोकलो असतो.

आतली खोली

घरी मला आतली खोली मिळाली. पहिले काही दिवस वंदनाने ताट-वाटी वेगळी काढली होती. डॉक्टरांनी सांगितलं, भांड्यांनी हा आजार पसरत नाही, हवेने पसरतो. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा, औषध घ्या, थोड्या आठवड्यांत तुमच्याकडून धोका खूप कमी होईल. तुमच्या घरी कुणी ताटं वेगळी करत असेल तर त्यांना हे सांगा, पण रागावू नका. भीतीला काहीतरी करायला लागतं, आणि ताट वेगळं करणं सर्वांत सोपं असतं.

आईला काही दिवस भावाकडे पेणकरपाड्याला पाठवायचं ठरलं. तिची आणि वंदनाची तपासणी चांगली आली होती. पण ती ऐकेना. दारात उभी राहून म्हणाली, "मी कंय जानार न्हाय. तुजा बापूस मिठागरावं उभा जलम खोकला, त्याला कोनी कोंडला व्हता का?" वंदना तिला समजावत होती की आई, हा खोकला वेगळा आहे. आई म्हणाली, "खोकला तो खोकला. पोरगा माजा हाय." शेवटी ती गेली, पण रोज संध्याकाळी तिथून येऊन आमच्या बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर बसायची आणि वर खिडकीकडे बघायची. मी हात करायचो. ती करायची नाही. नुसती बघायची.

औषधांनी लघवी केशरी होते, पहिल्यांदा बघून घाबरायला होतं, घाबरू नका. मळमळ होते. तपासणीला गेलं की बाकावर आपल्यासारखेच मास्कवाले बसलेले असतात आणि सगळे जमिनीकडे बघत असतात. एकदा माझ्या शेजारी एक तरुण मुलगी होती. ती हळूच म्हणाली, "अंकल, आपने घर पे बता दिया?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मैंने नहीं." ती आत गेल्यावर मला वाटलं, मी तिला अर्धंच खरं सांगितलं. घरी सांगितलं होतं, पण माझं घर एकच नव्हतं.

अमाईचा नंबर माझ्याकडे होता. मी तिला फोन केला नाही. संस्थेला मात्र ईमेल केला. सगळं व्यवस्थित लिहिलं. दोन दिवसांनी आभाराचं उत्तर आलं, की योग्य त्या ठिकाणी कळवण्यात येईल. तिथला प्रकल्प मी भारतात परतण्याआधीच गुंडाळला होता, तिथे त्यांचा एकही माणूस उरला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ते उत्तर वाचून सुटकेचा निःश्वास टाकला. का? कारण अमाईने मला चुलीजवळ जागा दिली होती, आणि मी तिथे काय घेऊन बसलो होतो हे मला तिला सांगायचं नव्हतं. तिच्या आठवणीत मला सळ्या ओढणारा, भिजलेला बांबो म्हणूनच राहायचं होतं. दिवसभर मी त्या गावाच्या आठवणीत लोळायचो आणि त्या गावात फोन मात्र करायचो नाही.

दाराआडचं एक वाक्य

रिपोर्ट आल्या आल्याच वंदनाने क्लास बंद केला होता. मी तिला म्हणालो, पालकांना डेंग्यू सांग. दुपारी मला दाराआडून तिचा आवाज ऐकू आला. ती फोनवर होती. "नमस्कार, मी वंदना टीचर. माझ्या मिस्टरांना टीबी निघालाय. तुमचा मुलगा आमच्या घरी येत होता, म्हणून सांगतेय. एकदा डॉक्टरला दाखवून घ्या." फोन ठेवला, दुसरा लावला. तेच वाक्य. कधी मराठीत, कधी हिंदीत, एकदा गुजराती शब्द शोधत. मधूनच ती गप्प व्हायची, म्हणजे पलीकडे कुणीतरी बोलत असणार. मग शांतपणे, "हो, बरोबर आहे तुमचं," आणि पुन्हा पुढचा फोन. मी उशीत तोंड खुपसून पडलो होतो. मी गेलो तेव्हा तिने ज्या क्लासवर घर उभं ठेवलं, तो क्लास ती एकेका फोनने मोडत होती, माझ्यामुळे.

बऱ्याच जणांनी मुलं काढून घेतली. शेजारच्या कोकिळाबेन लिफ्टमध्ये तिच्याबरोबर शिरेनाशा झाल्या. पण एका मुलाच्या आईने, शबानाने, सांगितलं, "टीचर, मेरी सास को भी हुआ था. आपने बता दिया ना, बस. बच्चे को दिखा लेती हूँ, फिर भेजूँगी." हे मला सांगताना वंदना त्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

असेच काही आठवडे गेले, आणि एका संध्याकाळी ती मास्क लावून दारात उभी राहिली. मी विचारलं, दमलीस? ती म्हणाली, "तिकडे सांगितलंत?"

मी ईमेलचं सांगितलं.

"मेल म्हणजे सांगणं होतं का?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी पहिल्याच आठवड्यात सगळ्या घरांना तोंडाने सांगितलं. शिव्याही ऐकल्या. तुम्हाला एक घर आहे. ज्या पोरीचे फोटो दिवसभर बघत बसता, तिला सांगायला तोंड नाही?"

तिने माझा मोबाईल चार्जरवरून काढून पलंगाच्या कडेला ठेवला आणि दार लोटून घेतलं.

कसा उठलास

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. तिकडची सकाळ आपल्यापेक्षा साडेतीन तास उशिरा होते, म्हणून वाट बघितली. अमाईचा आवाज आला आणि मी तिथल्या चिचेवा भाषेत, मोडकंतोडकं, घाईघाईने सुरू केलं, की अमाई, एक वाईट बातमी आहे.

तिने मला थांबवलं. "बांबो, आधी मला भेट तर."

मी विसरलो होतो. तिथे कितीही मोठी गोष्ट असो, आधी विचारपूस होते. कसा उठलास, असं विचारतात. बरा उठलो, तू कशी उठलीस, असं उत्तर असतं. मग बायको कशी उठली, आई कशी उठली, गुरं, शेत, पाऊस. प्रत्येक उत्तर बरंच असायला लागतं. ते झाल्याशिवाय माणूस आलाच नाही, असं धरतात. दोन वर्षं मी रोज सकाळी पंपावर जाताना प्रत्येक अंगणापाशी हे केलं होतं. मला ते फार आवडायचं.

"कसा उठलास, बांबो?" तिने विचारलं.

ठरलेलं उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. मी म्हणालो, "मी बरा नाही उठलो, अमाई."

असं उत्तर तिथे कुणी देत नाही. मागे कुठेतरी कोंबडा आरवला. मग मी सांगितलं. आजाराचं नाव त्यांच्याकडेही टीबीच आहे, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. स्वयंपाकघर, थंडी, बंद दार, माझा खोकला, तादाला. आणि हेही की मला हे कळून काही आठवडे झालेत.

मी शिव्यांची वाट बघत होतो. अमाईने विचारलं, "त्या थंडीत कोण कोण बसायचं आपल्याबरोबर?" ती एकेक नाव घेऊ लागली. मी हो, हो म्हणत गेलो. मी म्हणालो, सगळ्या गावाला सांगू नकोस, मला लाज वाटते. ती म्हणाली, "तू पंप शिकवलास तेव्हा एकेकीला गुपचूप शिकवलास का?" मग ती म्हणाली, "तादालाचं वजन वाढत नाहीये, बांबो. आम्ही म्हणत होतो, जंत असतील."

तादाला

आरोग्य केंद्र त्यांच्या गावापासून लांब आहे. अमाई तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन गेली. ते दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. मोठी माणसं सगळी ठीक निघाली. तादालाला टीबी होता.

तिथल्या माणसाने अमाईला सांगितलं, लवकर आणलंत, बरी होईल. त्याने हेही सांगितलं की आजार कुणाकडून कुणाला आला हे सांगता येणार नाही. गावात दुसऱ्या कुणाकडून मला आणि तिला दोघांनाही झालेला असू शकतो. वंदना हे मला पुन्हा पुन्हा ऐकवते. डॉक्टरही तेच म्हणाले. मी त्यांचं खोटं ठरवत नाही. पण माझ्या ईमेलच्या आड गेलेले ते आठवडे कुणाकडून आले, हे मला पक्कं सांगता येतं. ते माझे आहेत. हे लिहून ते हलके होतील असंही मला वाटत नाही. तुम्ही मात्र असे आठवडे जाऊ देऊ नका. ज्यांच्याबरोबर बसलात, जेवलात, झोपलात, त्यांना तोंडाने सांगा, आणि आजच.

मी अमाईची माफी मागितली. तिने ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाली, "माफीचं नंतर बघू. ही पोरगी औषध पीत नाही, थुंकते. तुझं ऐकते ती. तू बोल."

मुलांची गोळी पाण्यात विरघळवून देतात. तादाला तोंड घट्ट मिटून बसायची. मी फोनवर म्हणालो, मलाही प्यायचंय, चल, बरोबर पिऊ. ती म्हणाली, आधी तू. डॉक्टरांना विचारून मी माझी वेळ पुढे ढकलली, त्यांच्या सकाळशी जुळवून अकराला. रिकाम्या पोटी अकरापर्यंत थांबताना भोवळ यायची, पण पलीकडून घोटाचा आवाज यायचा आणि मग कप आपटल्याचा. रोज. आई तोवर घरी परतली होती. ती फोनजवळ तोंड नेऊन ओरडायची, "पी गं बाय, पटकन पी," आणि तादाला खिदळायची. दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता.

अकरा वाजता

माझं औषध गेल्या महिन्यात संपलं. शेवटची तपासणी स्वच्छ आली. डॉक्टरांनी कागदावर बरा झाल्याचं लिहून दिलं. वजन वाढलंय, कुणी स्लिम म्हणत नाही. वंदनाच्या क्लासला पुन्हा थोडी मुलं येतात, त्यात पहिलं आलं ते शबानाचं. कोकिळाबेन लिफ्टमध्ये आता थांबतात, बोलत नाहीत.

तादालाचं औषध माझ्यानंतर सुरू झालं, त्यामुळे अजून संपलेलं नाही. माझं संपलंय हे मी अमाईला सांगितलं. ती खूश झाली, मग म्हणाली, पोरीला नको कळू देऊस, नाहीतर ती पण म्हणेल, माझंही संपलं.

त्यामुळे अकरा वाजता मी अजूनही पाण्याचा ग्लास घेऊन बसतो. क्लासमधल्या मुलांना आता ठाऊक झालंय, ती आपोआप गप्प होतात. आज सकाळी तादालाने विचारलं, "बांबो, तू अजून बरा नाही झालास?"

"नाही गं," मी म्हणालो. "अजून थोडे दिवस लागतील."

"मग पी," ती म्हणाली.

मी पाणी प्यायलो, तिला ऐकू जाईल असं.